गुरुवारी लाइट नसते

मिनलने केलेल्या गेममध्ये माणूस गुरुवारी मरत होता. गुरुवारच का, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तो विचार तिला करायला लावला एका अनोळखी बाईने, आणि तेही कौतुक करता करता.

गेम तसा छोटासाच. जेवणं उरकून कोणी मोबाइल घेऊन बसलं, तर बाकीच्यांची भांडी घासून होईपर्यंत संपणारा. त्यात पळापळ नाही, गोळीबार नाही. माणसांशी बोलायचं, जागा निरखायच्या आणि शेवटी कोणी केलं ते सांगायचं. सगळं चित्र काळं-पांढरं, मधेच कुठे रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा डाग. परदेशी गेममधल्या गुप्तहेराला लांब कोट असतो आणि तिरकी टोपी. मिनलच्या गुप्तहेराला, आबाजीला, सिक्युरिटीच्या नोकरीवरून काढल्यावर परत करायचा राहून गेलेला रेनकोट होता आणि डोक्यात माकडटोपी. असा हा आबाजी चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमधून खोकत खोकत फिरायचा. एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणाऱ्या अवजड मशिनच्या कारखान्यात, नवनाथ नावाचा ऑपरेटर मशिनखाली सापडून मेलेला असतो. सगळे म्हणतात अपघात. आबाजीला ते पटत नाही. शेवटी भिंतीवर हजेरीची तीन कार्डं दिसतात. ज्याच्यावर संशय, त्याचं कार्ड उचलायचं आणि घड्याळाच्या यंत्रात घालून पंच करायचं. खटकन आवाज होतो आणि आबाजी त्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

गेमचं नाव होतं ‘साप्ताहिक सुट्टी’. गोष्ट आणि चित्रं मिनलची, आवाज सगळे सनीचे. सनी चाकणला एका कंपनीत पार्ट तपासायच्या कामाला होता आणि उरलेल्या वेळात जगातले आवाज गोळा करत हिंडायचा. आता हे सांगायला हवं की, सनीचा बाप हिंदुराव अशाच एका प्रेसखाली गेला होता, सनी आणि मिनल दोघं शाळेत असताना, चिखलीतच. मग असल्या गेमला पोरगा आवाज कसले देतो, असं कोणालाही वाटेल. मिनललाही वाटलं होतं. पण गेम करायचा हट्ट सनीचाच होता. कारण हिंदुराव मेला तेव्हा गल्लीभर एकच बोललं गेलं होतं: सुट्टीच्या दिवशी दारू ढोसून एकटाच शेडमध्ये शिरला, स्वतःच प्रेस चालू केली आणि आत डोकं घातलं. प्रेताच्या कपड्यांना दारूचा वास येत होता म्हणे. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. तेव्हापासून सनी लग्नाकार्यातही सरबताचा पेला हुंगून मग तोंडाला लावायचा.

“निदान गेममध्ये तरी माझा बाप प्यायलेला नको,” तो म्हणाला होता. “तिथं तरी कोणीतरी त्याला मारू दे.”

मिनलने ते ऐकलं होतं आणि तिला रडू आलं होतं. तिने मन लावून गेम केला. चित्रं काढायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही, लहानपणीची चिखली डोळ्यांपुढे तशीच्या तशी उभी राहिली. नवनाथ सोडला तर सगळ्यात जास्त जीव तिने ओतला तो शेखरमामामध्ये. शेखरमामा म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवणारा सेटर. आबाजीला घरी नेऊन चहा पाजणारा, मशिन कसं चालतं ते समजावून देणारा, गेममधला एकुलता एक भला माणूस. त्याची उठबस, चष्मा कपाळावर चढवायची लकब, सगळं तिने वडिलांवरून घेतलं होतं. तिचे पप्पा विलास त्याच शेडमध्ये सेटर होते, हिंदुरावचे जिवाभावाचे मित्र.

तर त्या मंगळवारी ऑफिस सुटल्यावर बसमध्ये मिनलने गेमखालच्या नव्या प्रतिक्रिया उघडल्या. करिष्मा नावाच्या कोणी लिहिलं होतं:

“मी चिखलीचीच, त्यामुळे जास्तच भिडला. एक क्लू तर कसला लपवलाय! शेखरमामाच्या घरात पंखा बंद आहे. गुरुवार आहे, नवनाथ मेला तोच दिवस, म्हणजे गल्लीत लाइट नाही. आणि मागे बारीक जनरेटरचा आवाज येतोय. म्हणजे नवनाथ मेला तेव्हा प्रेस जनरेटरवर चालली! मग जनरेटर कोणी चालू केला? त्याचं कार्ड भिंतीवर नाहीच. चौथं कार्ड कुठे लपवलंय? पुन्हा पुन्हा खेळले, सापडत नाहीये.”

मिनलने ते वाचलं आणि पुन्हा वरपासून वाचलं. कारण तिने काहीच लपवलं नव्हतं.

त्या भागात गुरुवार म्हणजे काय, हे तिथे वाढलेल्याला सांगावं लागत नाही. दुरुस्तीच्या नावाखाली वीजवाले दर गुरुवारी लाइन बंद ठेवायचे, म्हणून कारखान्यांनी सुट्टीच गुरुवारी घेतली. रविवारी जग झोपा काढत असताना चिखलीत प्रेस धडधडायच्या आणि गुरुवारी चिडीचूप. शेडच्या आजूबाजूच्या चाळींची लाइटही त्याच लाइनवर. तिने पंखा बंद काढला होता, कारण तो दिवस आठवताना तिच्या डोळ्यांपुढे पंखा बंदच यायचा. हिंदुरावच्या वेळी लोकांनी सांगितलं होतं की त्या दिवशी लाइट लवकर आली होती. कोणी तपासलं नाही. मेलेला माणूस प्यायलेला आहे म्हटल्यावर कोण कशाला तपासतंय!

आणि जनरेटर? जनरेटरचा आवाज आपल्या गेममध्ये आहे, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. तिने कानात हेडफोन घालून तो प्रसंग लावला. शेखरमामा मोरीत पाठमोरा हात धूत आबाजीशी बोलतोय, वर पंखा थांबलेला, आणि खरंच, पार मागे, भिंतीपलीकडे असावा तसा, धडधड आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात घरून काम करते असं कळवलं आणि दुपारी चिखली गाठली. सनी पहिली पाळी करून नुकताच आला होता. त्याची आई सरूबाई कधी आनंदात दिसायची नाही, पण मिनल आली की चहाचं आधण मात्र न विचारता चढायचं. आजही तसंच झालं. सरूबाई गुरुवारीही चालू असणाऱ्या एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या करायची, घरी आली तरी तिचे हात कणकेतच.

“पंख्याच्या सीनला मागे जनरेटर तू टाकलास?” मिनलने विचारलं.

“हो. मोठा झाला का आवाज?”

“नाही. तिथे का टाकलास?”

सनीला प्रश्नच कळला नाही. “का म्हणजे? तिथं असतोच ना तो.” मग त्याने डोकं खाजवलं. “त्या दिवशी होता राव. मी दारात बसलेलो. सगळं गप्प आणि शेडकडून धडधड धडधड. मग एकदम बंद पडला, आणि मग लोक पळायला लागले. ते डोक्यातून जातच नाही, म्हणून टाकला.”

बोलता बोलता तो थांबला. मिनलने मोबाइल त्याच्यापुढे धरला, करिष्माने लिहिलेलं त्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरलं आणि मग दुप्पट चढलं.

“लाइट नव्हती,” तो म्हणाला. “मिनल, लाइट नव्हतीच! पंखा तू काढलास, आवाज मी टाकला. आपण दोघांनी न बोलता तोच दिवस टाकलाय. एकटा माणूस दारू पिऊन येणार, जनरेटर कुठून आणणार, हँडल मारून चालू करणार आणि मग डोकं घालणार? आणि बाप खाली पडल्यावर तो बंद कोणी केला? कोणीतरी होतं तिथं.”

मिनलने मोबाइल हळूच मागे घेतला.

“चौथं कार्ड टाकू,” सनी म्हणाला. “मी आजच टाकतो. नाव कोरं ठेवतो, खेळणाऱ्याने स्वतः लिहायचं. विलासकाकांना विचारू या. ते तिथले सेटर, त्यांना माहीत असेल मालकाने कोणाला बोलावलं होतं त्या दिवशी.”

“विचारते मी,” मिनल घाईने म्हणाली. “तू नको येऊस. मी विचारते.”

सरूबाई कणीक मळत होती. हिंदुरावच्या दारूचा विषय निघाला की ती नेहमी अशीच खाली मान घालून काहीतरी मळत, निवडत, पुसत राहायची. बिचारी शरमते, असं मिनल लहानपणापासून समजत आली होती. चहाचा कप देताना सरूबाईने नेहमीचा प्रश्न विचारला.

“पप्पा बरे हायत का तुजे?”

“बरे आहेत,” मिनल म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या प्रश्नाची भीती वाटली.

घरी परतताना रिक्षात ती एकेक गोष्ट आठवत गेली. आठवू नये असं वाटत होतं, तरी आठवत गेली. गेमसाठी माहिती हवी म्हणून तिने पप्पांना प्रेसचं काम विचारलं होतं, तेव्हा ते खुलून बोलले होते. नवा साचा बसवायचा तर प्रेसचा वरचा भाग हळूहळू खाली आणून जुळवावा लागतो. त्यासाठी पायाखालच्या पेडलवर वीट ठेवायची, म्हणजे ते दाबलेलं राहतं, आणि बाजूचं मोठं चाक हाताने फिरवायचं. त्या वेळी दुसरा माणूस आत वाकून साचा बघतो. “आन त्याआदी मेन स्विच बंद करायचा, हा नियम,” असं म्हणून पप्पा हसले होते. “पन गुरुवारी कोन करतंय? लाइटच न्हाई, तर बंद काय करायचं? समदे तसंच करायचे. म्हनून सेटिंगची कामं आमी गुरुवारीच काढायचो.”

पेडलवर वीट. मेन स्विच चालूच. आत वाकलेला हिंदुराव. आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी जनरेटरचं हँडल मारतं. यात खून नव्हता. सगळ्यांना लागलेली एक सवय होती, आणि एक माणूस, ज्याला क्षणभर आठवलं नाही की आज लाइट आपणच आणतोय.

पप्पा सांगायचे की त्या गुरुवारी ते घरीच होते. पण निगडीला सर्कस आली होती आणि पप्पा तिला नेणार होते. “तासाभरात येतो,” म्हणून सकाळी बाहेर पडले होते. आले ते दुपार उलटल्यावर, आणि सरळ मोरीत गेले. अंधाऱ्या मोरीत धुण्याची पावडर घेऊन हात धूत राहिले. ती दारात उभी राहून सर्कशीचं विचारत होती आणि ते मागे वळत नव्हते. तेव्हा आलेला वास मशिनच्या ऑइलचा नव्हता, ऑइलचा वास तर त्यांच्या अंगाला रोजच असायचा. तो डिझेलचा होता. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने चितारून जगापुढे ठेवलं होतं, आणि भल्या माणसाचा प्रसंग म्हणून ठेवलं होतं.

पुढच्याच वर्षी मालकाने चाकणला मोठा प्लँट टाकला आणि पप्पांना सुपरवायझर केलं. ते चाळ सोडून पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये आले. आता सोसायटीतली लाइट गेली आणि लिफ्टसाठी खाली जनरेटर सुरू झाला की पप्पा उठून बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडून बसतात. आई आणि ती त्यावरून त्यांना चिडवायच्या, लाइट गेली की पप्पांची आंघोळ सुरू. मिनलला ते आठवलं आणि स्वतःचाच राग आला.

मग तिने जे केलं, ते कोणतीही लेक करेल. त्याच संध्याकाळी तिने गेम उघडला आणि गुरुवारचा शुक्रवार केला. पंखा फिरता काढला. जनरेटरचा आवाज पुसला. शेखरमामाला मोरीतून उठवून खाटेवर बसवला. करिष्माला उत्तर लिहिलं, “चूक झाली होती, दुरुस्त केली आहे, धन्यवाद.” तासाभराचं काम. एवढ्यावर हिंदुराव पुन्हा दारुडा झाला. ती जेवायला बसली, समोर पप्पा भाकरी कुस्करत होते, आणि तिला त्यांच्या हातांकडे बघवेना.

गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्यामुळे विलास घरीच होता. मिनलची आई मठात गेली होती. दुपारी बेल वाजली आणि मिनलने दार उघडलं, तर सनी. चप्पल न काढताच तो आत आला.

“आवाज का काढलास?”

“सनी, मी तुला सांगणार...”

“आवाज का काढलास मिनल? माझा होता तो. तुझा पंखा तू बदल, दहादा बदल. माझ्या बापाचा आवाज तू कोण पुसणार?”

विलास सोफ्यावर बसून मोबाइलवर सुविचार पाठवत होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला. “काय झालं रं? कसला आवाज?”

मिनलने सनीकडे बघितलं, डोळ्यांनी हात जोडले. सनीने ते पाहिलं. आणि तिची ती नजर पाहिली म्हणूनच बहुधा त्याला पहिल्यांदा शंका आली. तो विलासकडे वळला, एकदा मिनलकडे, पुन्हा विलासकडे. तोंडातले शब्द बदलले त्याने, हे तिला स्पष्ट दिसलं.

“काही नाही काका,” तो हळू म्हणाला. “आमचा गेम आहे ना, त्यातला. जुना माझ्या मोबाइलवर आहे अजून, चौथं कार्ड टाकलेला. तुम्ही कधी खेळलाच नाही. खेळता?”

“पप्पांना नाही जमणार ते,” मिनल म्हणाली.

“दे,” विलास म्हणाला.

सनीने मोबाइल त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसला. मिनल उभीच राहिली. विलासला आधी कळेना कुठे दाबायचं, मग कळलं. आबाजी खोकत शेडमध्ये शिरला. “आपलीच शेड हाय की,” विलास म्हणाला, आणि खूश झाला. “ते बग, पाने-हातोडे ठेवायची फळीबी काढलीया.” मग नवनाथचं प्रेत आलं, चादरीखालचं, आणि तो बोलायचा थांबला. पुढे त्याने एकेकाला विचारलं, सगळी उत्तरं ओठ हलवत वाचली. शेखरमामाच्या घरी पोचल्यावर मात्र बोट थांबलं. मोरीत पाठमोरा बसलेला माणूस. वर थांबलेला पंखा. मागे धडधड.

तेवढ्यात डोक्यावरचा खराखुरा पंखा मंदावला आणि थांबला. गुरुवारच तो. पुनावळ्यातही गुरुवारी लाइट जायची थांबली नव्हती. खाली पार्किंगमध्ये सोसायटीचा जनरेटर कुरकुरला आणि सुरू झाला, आणि मोबाइलमधला आवाज आणि खालचा आवाज एक झाला.

मिनलला वाटलं, आता पप्पा उठतील. बाथरूममध्ये जातील, नळ सोडतील, मी सनीला काहीतरी सांगून घालवीन, आणि सगळं होतं तसं राहील. तिला खरोखर तसंच व्हायला हवं होतं. विलास अर्धवट उठलाही. मग त्याने शेजारी बसलेल्या सनीकडे बघितलं. हिंदुरावसारखंच रुंद कपाळ, तशाच जुळलेल्या भुवया. तो पुन्हा खाली बसला.

“पुढं कसं जायचं?” त्याने विचारलं.

“टच करा, काका.”

भिंतीवरची कार्डं आली. मालकाचं, नवनाथच्या भावाचं, हेल्परचं आणि शेवटी एक कोरं. विलासने पहिल्या तिघांकडे पाहिलंही नाही. कोरं कार्ड उचलल्यावर अक्षरं उमटली: नाव लिहा. सुविचार पाठवून सरावलेल्या एका बोटाने त्याने अक्षरं शोधत शोधत नाव लिहिलं, आणि ते चुकलं नाही ना हे बघायला मोबाइल जरा लांब धरला. मिनलला उभ्या जागेवरून वाचता आलं. विलास.

मग त्याने कार्ड पंच केलं. खटकन आवाज झाला.

पुढे काहीच झालं नाही. या कार्डाचा शेवट मिनलने लिहिलेलाच नव्हता. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. विलास थोडा वेळ त्यात बघत बसला, मग त्याने मोबाइल सनीच्या गुडघ्यावर ठेवला.

“चाकनचा माल अडला हुता,” तो म्हणाला. “मालकानं जनरेटर भाड्यानं आनला. आमी दोगंच. साचा बसवून झाला, हिंदुराव म्हनला च्या सांगून येतो. मला वाटलं गेला. पेडलवरची वीट तशीच ऱ्हायली, आन मी भाईर जाऊन हँडल मारलं.” त्याने हात एकमेकांवर चोळले. “तो गेलाच नव्हता. परत आत वाकला हुता, एक नट ढिला वाटला म्हून.”

मिनलला हुंदका आवरला नाही.

“एकच सांगा काका,” सनी म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. “माझा बाप प्यायला होता का?”

“न्हाई. बाटली मागनं मालकानं वतली, त्याच्या कापडांवर. मला म्हनला, तुला पोरगी हाय, इचार कर.” विलास थांबला. “आन मी बगत उबा राह्यलो.”

सनी उठेल, गळा धरेल, निदान शिवी देईल, असं मिनलला वाटत होतं. द्यावी, असंही वाटत होतं. एवढी वर्षं हा पोरगा पप्पांच्या पाया पडून परीक्षेला गेला होता. पण त्याने फक्त मोबाइल उचलला, एक नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल मधल्या टीपॉयवर विलासपुढे ठेवला. रिंग वाजू लागली. खाली जनरेटर चालूच होता.

“बोल रं,” सरूबाईचा आवाज आला. मागे कँटीनची भांडी वाजत होती. “जेवलास का?”

सनीने विलासकडे बघितलं, बस, एवढंच.

विलासने मिनलकडे पाहिलं, जणू ती सोडवेल. लहानपणी मोरीच्या दारात उभी होती तशीच ती उभी होती, आणि या वेळी तिने काही विचारलं नाही, पण ती बाजूलाही झाली नाही.

“वहिनी,” विलास म्हणाला. “विलास बोलतोय. त्या दिवशी हिंदुराव प्यायला नव्हता.”

पलीकडे भांडी वाजायची थांबली, कोणीतरी दार ओढून घेतलं असावं. मग सरूबाई बोलली. आवाज नेहमीचाच होता, चढलेला नव्हता की पडलेला नव्हता.

“ते मला तवाच ठावं हुतं,” ती म्हणाली. “म्होरचं सांगा.”